छोटी बाटली की दोन लिटर? कोलोनोस्कोपीच्या आधीचं पोट साफ करणं

पत्र असं आलंय:

"सिस्टर नमस्कार, आम्ही गारगोटीजवळ खेड्यात राहतो. मामंजींचं वय 68, साखर कारखान्यातनं रिटायर झालेत. चार महिने झाले शौचातनं अधूनमधून रक्त जातंय, हिमोग्लोबिन 9.2 आलं म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतनं तपासणी, सांगितलीय. दोन वर्षांमागं एकदा ही तपासणी झालेली पण तेव्हा दोन लिटर पावडरचं पाणी एका संध्याकाळी प्यायचं होतं, त्यातलं निम्मं प्यायले, उलटी झाली आणि उरलेलं ओतून दिलं. रिपोर्टवर तयारी अपुरी असं लिहून आलं. आता म्हणतायत ते खारं पाणी पुन्हा तोंडाला लावणार नाही. मिस्टरांच्या मित्राचं पुण्यात दोन छोट्या बाटल्यांवर काम झालं. मेडिकलवाला म्हणतो पिकोची पाकिटं येतात, दीडशे मिलीतच भागतं. मामंजींना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी एकत्र असलेली आहे, शुगरला मेटफॉर्मिन आणि डापा (डापाग्लिफ्लोझिन), शिवाय लोहाची गोळी. क्रिएटिनिन 1.6 आहे. तपासणी कोल्हापुरात राजारामपुरीत सकाळी 9 ला आहे. कुठलं घ्यावं? – एक सून"

ताई, आधी एक सांगते, तुम्ही पत्रात क्रिएटिनिन लिहिलंत ते फार बरं केलंत. बाकी सगळं पत्र वाचून मी कदाचित वेगळं उत्तर दिलं असतं, पण त्या 1.6 आकड्यापाशी थांबले. 68 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.6 म्हणजे हिशोब करून किडनीच्या कामाचा आकडा (eGFR) साधारण 47 च्या आसपास येतो. 90 च्या वर असलं की चांगलं धरतात आणि तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिलं तर किडनीचा जुना आजार म्हणतात. म्हणजे मामंजींची किडनी जवळजवळ निम्म्या ताकदीनं चाललीय, आणि त्यांना ते जाणवत पण नसणार कारण ह्या टप्प्याला काही दुखत नाही, सूज नाही, माणूस शेतात जातो चहा पितो गप्पा मारतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे, मामंजींसाठी छोटी बाटली नको, पिको पण नको, तेच पावडरचं पाणी घ्या, पण दोन वर्षांमागं जसं दिलं तसं अजिबात नको. का ते सांगते, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांशी नीट बोलता येईल आणि मामंजींना पण पटवता येईल.

मी 22 वर्षं एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या, खोलीत सिस्टर म्हणून उभी राहिलेय. लोकांना वाटतं बाटली लहान म्हणजे औषध हलकं. तसं नसतं हो. पोट धुवायला पाणी लागतंच, प्रश्न एवढाच की ते पाणी येणार कुठनं. पावडरचं जे औषध आहे, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आपल्याकडं सगळे पेगलेक म्हणूनच ओळखतात, त्याचे कण एवढे मोठे की आतड्यातनं ते रक्तात जवळजवळ शिरतच नाहीत, आणि त्यात क्षार असे मोजून घातलेले असतात की शरीरातलं पाणी-मीठ ना कमी होतं ना वाढतं. तुम्ही जे दोन लिटर पिता तेच दोन लिटर आत फिरून खाली येतं. शेतात सिमेंटचा पाट असतो बघा, वरनं सोडलेलं पाणी तसंच्या तसं टोकाला पोचतं, मध्ये जमीन पीत नाही आणि विहिरीतनं काही घ्यावं लागत नाही, तसं. 1980 साली अमेरिकेत फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाणी तयार केलं तेव्हा ते तब्बल 4 लिटर होतं. आपल्याकडचं 137 ग्रॅमचं पाकीट 2 लिटरचं असतं, म्हणजे आपण आधीच निम्म्यावर आलोय.

छोट्या बाटल्यांचं उलटं. त्यात घट्ट क्षार असतात, ते आतड्यात गेले की शरीरातलंच पाणी खेचून आत आणतात. म्हणजे पाणी विहिरीतनंच उपसलं जातं. ज्याची विहीर भरलेली आहे, तरुण माणूस, किडनी ठणठणीत, त्याला काही होत नाही, वरनं पाणी प्यायलं की भरून निघतं. मिस्टरांचे मित्र तसेच असतील आणि त्यांना तेच योग्य होतं, त्यांना कुणी चुकीचं दिलं असं मी म्हणत नाही. पण मामंजी रोज पाण्याची गोळी घेतात म्हणजे विहीर रोज थोडी उपसलेलीच, टेल्मिसार्टन असल्यावर पाणी कमी पडलं की किडनीला दाब सांभाळायला जड जातं, डापा लघवीतनं साखर आणि पाणी दोन्ही काढतं. त्यात अजून उपसा केला तर चक्कर येणं, बीपी पडणं, सोडियम खाली जाणं, आणि किडनीवर घाव, हे सगळं शक्य आहे.

आता एकेक बघू, कारण मेडिकलमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना "छोटी बाटली" किंवा "छोटं पाकीट" म्हणतात आणि त्या एकसारख्या नाहीत.

सगळ्यात आधी फॉस्फेट. सोडियम फॉस्फेटच्या 45 मिलीच्या बाटल्या असतात, चव लिंबासारखी, स्वस्त, पटकन काम. ही मामंजींच्या जवळपास पण आणू नका. ह्यातलं फॉस्फेट कॅल्शियमबरोबर मिळून किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये खडे धरतं आणि काही जणांची किडनी कायमची खराब झालेली आहे. 2008 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध खात्यानं ह्यावर सगळ्यात कडक इशारा घातला. कुणाला जास्त धोका ती यादी बघा: वय 55 च्या वर, किडनी आधीच अशक्त, शरीरात पाणी कमी, बीपीच्या सार्टन किंवा प्रिल गोळ्या, पाण्याची गोळी, गुडघ्यासाठी वगैरे घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. ताई ही यादी म्हणजे तुमच्या मामंजींचंच वर्णन आहे की नाही सांगा. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेनं 2019 मध्ये पण हे नेहमीच्या वापराला नको असंच सांगितलंय. तरी जुन्या सवयीनं कुठंतरी चिठ्ठीवर येतं, म्हणून बाटलीवर फॉस्फेट हा शब्द आहे का तेवढं वाचाच.

दुसरी सल्फेटची. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तिन्हींचे सल्फेट, पुण्यातल्या मित्रांनी दोन बाटल्या घेतल्या त्या बहुतेक ह्याच. सफाई चांगली होते हे मी स्वतः बघितलंय, आतडं चकचकीत दिसतं. पण "छोटी" हा शब्द इथं फसवा आहे. बाटली 177 मिली, ती 480 मिलीपर्यंत पाणी घालून प्यायची, मग पुढच्या तासाभरात अजून दोन वेळा 480 मिली पाणी, आणि हे सगळं दुसऱ्या बाटलीला परत. 2010 साली अमेरिकेत मंजूर झाली तेव्हाच्या लेबलवर हेच लिहिलंय. बेरीज करा, पावणेतीन लिटरच्या वर जातं. जे लोक बाटली पिऊन वरचं पाणी टाळतात त्यांनाच त्रास होतो, आणि आपले मामंजी पाणी टाळणारे आहेत हे दोन वर्षांमागं दिसलंच.

तिसरं पिको, म्हणजे सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम. मेडिकलवाले दादा खोटं बोलले नाहीत, पाकीट खरंच 150 मिली पाण्यात, चव संत्र्या-लिंबाच्या सरबतासारखी, आणि ज्यांना ते चालतं ते आनंदानं घेतात. पण इथं पण दोन पाकिटांच्या मागं मिळून आठेक ग्लास पाणी-सरबत पिणं हा औषधाचाच भाग आहे. आणि मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, ती अशक्त असली की मॅग्नेशियम साठतं. वयस्कर माणसात, त्यात पाण्याची गोळी चालू असली, की सोडियम घसरतं, माणूस गुंगीत जातो, बरळतो, घरच्यांना वाटतं भुकेनं झालं. किडनी फारच कमी असली (30 च्या खाली) तर हे द्यायचंच नाही असं लिहिलेलं असतं, मामंजी 47 वर आहेत म्हणजे बंदी नाही पण जपून, आणि जपून घ्यायचं कारण काय जेव्हा दुसरं सुरक्षित औषध आहे?

पेगमध्ये पण आता कमी पाण्याचे प्रकार निघालेत, क जीवनसत्त्व म्हणजे अस्कॉर्बेट घातलेले, एक 2 लिटरचा 2006 साली अमेरिकेत आला आणि 1 लिटरवाला 2018 मध्ये. तिथंही वरचं पाणी वेगळं प्यायचं असतंच. जीसिक्सपीडी ह्या रक्तपेशींमधल्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्यांना हे चालत नाही एवढं लक्षात ठेवा. तुमच्यासाठी साधं पेगच पुरे.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ज्याबद्दल मला खरंच कळकळ आहे. दोन वर्षांमागं औषध चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. दोन लिटर एका संध्याकाळी, तेही 66 वर्षांच्या माणसाला, उलटी होणारच. आणि समजा सगळं प्यायले असते तरी रात्रभरात लहान आतड्यातनं पित्त आणि चिकट स्राव खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला लेप बसतो. उजव्या बाजूचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला येणारे कोंब, बऱ्याचदा चपटे असतात, देठावर उभे नसतात, त्या लेपाखाली दडून बसतात. माझ्या थोरल्या भावाचं हेच झालं. सगळं औषध आदल्या संध्याकाळी, तपासणी दुसऱ्या दिवशी 11 ला, डाव्या बाजूला स्वच्छ आणि उजवीकडं गढूळ चिखल. मी त्याच धंद्यातली असून त्यावेळी घरात नव्हते आणि कुणी विचारलं नाही. परत तपासणी केली, सकाळचा डोस देऊन, तेव्हा उजवीकडं पॉलिप सापडला आणि काढला. त्या दिवसापासनं मी ज्याला त्याला सांगत सुटलेय, निम्मं रात्री निम्मं पहाटे.

ह्यालाच स्प्लिट डोस म्हणतात. दुसरा भाग तपासणीच्या साधारण 4 ते 6 तास आधी सुरू करायचा आणि शेवटचा घोट तपासणीच्या किमान 2 तास आधी, नंतर थेंबभर पाणी पण नाही, कारण झोपेचं इंजेक्शन असतं. तुमची वेळ 9 ची म्हणजे दुसरा लिटर पहाटे 4 ला सुरू करून 6 पर्यंत संपवायला लागेल. मग गारगोटीहून दीड तासाचा रस्ता, तो पण पोट चालू असताना, एसटीत किंवा वडापमध्ये. हे होणार नाही ताई, उगाच मनाला लावून घेऊ नका, कुणालाच जमत नाही. दोनातलं एक करा. एकतर आजच फोन करून 11 किंवा 12 ची वेळ मागा, "पेशंट लांबनं येतोय, वय झालंय, सकाळचा डोस घ्यायचाय" असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी देतात. नाहीतर आदल्या दिवशी दुपारीच कोल्हापुरात कुणा पाहुण्यांकडं या, पण आधी विचारून घ्या की त्यांच्याकडं कमोड आहे का आणि तो मोकळा मिळेल का, वन रूम किचनमध्ये सहा माणसं असतील तर नको. मला विचाराल तर दोन्ही करा, कोल्हापुरात राहा आणि वेळ पण 11 च्या पुढची घ्या.

मग असं होईल: 12 ची वेळ धरली तर आदल्या दिवशी संध्याकाळी 6 ते 8 पहिला लिटर, सकाळी 6 ते 8 दुसरा. पंधरा मिनिटाला एक ग्लास, घटाघट नाही आणि तासभर हातात धरून पण नाही. पाणी रेफ्रिजरेटरमध्ये गार करा, गार झालं की खारटपणा निम्मा कमी लागतो. नळी म्हणजे स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून ओढायला सांगा, मध्येमध्ये लिंबाची फोड चोखू दे. त्यात साखर, रसना, काही मिसळायचं नाही, क्षारांचं मोजमाप बिघडतं. दोन ग्लासांच्या मध्ये सोप्यात फेऱ्या मारू दे, बसून राहिलं की पोट फुगतं आणि मळमळतं. मळमळलं तर अर्धा तास थांबा आणि परत हळू सुरू करा, ओतून देऊ नका. उलटीची गोळी आधी द्यायची का हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, मागच्या वेळची उलटी सांगा. आणि मागच्या वेळी सफाई अपुरी होती हे तर ठळक सांगाच, कारण अशा पेशंटला ते बायसॅकोडिलच्या (जुलाबाच्या) गोळ्या जोडतात किंवा अजून एक लिटर वाढवतात, तो निर्णय त्यांचा, पण त्यांना माहीतच नसलं तर कसा घेणार? जुना रिपोर्ट फाईलला लावा.

खाण्याचं. आदल्या दिवशी चोथा नको. पांढरा भात, वरणाचं वरचं पाणी, मऊ इडली, मैद्याचा ब्रेड, अंडं चालतं. ज्वारीची भाकरी, मटकी, मिसळ, पालेभाजी, पेरू, डाळिंब, टोमॅटो, काकडी, शेंगदाण्याचा कूट, भडंग नको. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात तीळ-खसखस असते, हे बारीक बी खरंच दुर्बिणीच्या नळीत अडकतं, मी स्वतः तुंबलेली नळी उपसलीय. म्हणून दोन-तीन दिवस आधीपासनंच बियांचं टाळा. एकदा औषध सुरू झालं की फक्त आरपार दिसेल असं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत. दूध, ताक नाही. कोकम आणि लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. शहाळं लोक भरभरून देतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी अशक्त आणि वर टेल्मिसार्टन, म्हणून मामंजींना फार तर अर्धा पेला आणि तोही विचारूनच.

गोळ्यांचं मी ठरवणार नाही, पण विचारायचं काय ते लिहून देते. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात कारण तिनं शौच काळी आणि चिकट होते, धुवून निघत नाही. डापा किमान तीन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, उपाशीपोटी ती चालू राहिली तर शुगर साधी दिसत असताना रक्तात आम्ल वाढू शकतं, हे फिजिशियनना आवर्जून विचारा कारण एंडोस्कोपीच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा डापाचा उल्लेखच नसतो. मेटफॉर्मिन उपाशी दिवशी द्यायची का, टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी त्या दिवशी द्यायची की नाही, रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का. हे सगळं एका कागदावर लिहा, फोनवर तोंडी नको. तपासणीच्या आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम एकदा करून घ्या. साखर मोजायचं यंत्र घरात असेल तर त्या रात्री दोनदा बघा, 70 च्या खाली आली किंवा घाम-थरथर झाली तर ग्लुकोजचं पाणी द्या, ते आरपार असतं, चालतं.

रात्री त्यांना एकटं टॉयलेटला सोडू नका. बीपीची माणसं पहाटे उठताना चक्कर येऊन पडतात, मी दोन पेशंट डोक्याला टाके घेऊन तपासणीला आलेले बघितलेत. दिवा चालू ठेवा, दाराला आतनं कडी नको, आणि खोबरेल तेल हाताशी ठेवा, कागदानं घासू नये, पाण्यानं धुवून तेल लावावं. छातीत दुखलं, शुद्ध हरपल्यासारखं वाटलं, उलटी थांबेचना किंवा पोट दगडासारखं फुगून गॅस पण जात नाही असं झालं तर औषध बंद करून लगेच दवाखाना, तपासणीची वाट बघत बसायचं नाही.

सकाळी शेवटची जी शौच होईल ती तुम्ही किंवा सासूबाईंनी डोळ्यांनी बघा, लाजायचं काम नाही. लघवीसारखी पिवळसर, तळ दिसेल अशी झाली की झालं. गढूळ, तपकिरी असली तर निघायच्या आधी फोन करा, ते अजून काही प्यायला देतील किंवा वेळ थोडी पुढं घेतील. तपासणी झाल्यावर रिपोर्टमध्ये बोस्टन स्कोर म्हणून तीन आकडे असतात, उजवी बाजू, मधली, डावी, प्रत्येकी 0 ते 3. तिन्ही ठिकाणी 2 किंवा जास्त असले की सफाई चांगली झाली असं धरतात. मामंजींचं उजवं 2 पेक्षा कमी आलं तर "काही नाही सापडलं" ह्या वाक्यावर समाधान मानू नका, परत कधी करायची ते तिथंच विचारा.

आणि मामंजींना काय सांगायचं. "मिठाचं पाणी प्यायलाच पाहिजे" असं नका म्हणू, ते अजून हट्टाला पेटतील. त्यांना सांगा की मागच्या वेळी तुमची चूक नव्हती, दोन लिटर एका बैठकीत कुणालाच जात नाही, ह्या वेळी एक लिटर रात्री आणि एक सकाळी, गार करून, आणि मी शेजारी बसून ग्लास भरून देणार. तो पाटाचा आणि विहिरीचा हिशोब पण सांगून बघा, कारखान्यात आयुष्य काढलेल्या, उसाला पाणी पाजलेल्या माणसाला तो लगेच समजेल. चार महिने रक्त जातंय आणि हिमोग्लोबिन 9.2 आहे, ह्याला मूळव्याध म्हणून बाजूला सारू नका. ती वेळ बदलायचा फोन आज करा, आणि काय वेळ मिळाली ते मला कळवा, मी त्याप्रमाणं ग्लासांचं टाईमटेबल लिहून पाठवते.